फटफटीची झिणझिण

यांनी आपलं ताट, तांब्या आणि अंथरूण वेगळं केलं तेव्हा मला आधी राग आला. भीती नंतर वाटली. माझं पहिल्यापासून असंच. आधी भडका उडतो, मग डोकं चालायला लागतं. तीन दिवस मी यांच्याशी धड बोलले नाही. आमटी वाढताना पळी ताटावर आपटली, तरी हे गप्प. समोरचं माणूस भांडायलाच तयार नसेल तर अंगाचा कसा तिळपापड होतो ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

हे म्हणजे माझे यजमान, लोणावळ्यातले डॉक्टर. आमच्या घराच्या पुढच्या खोलीतच दवाखाना होता. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची दोन-तीन वर्षं असतील. नक्की साल मला सांगता यायचं नाही, पण मुलगी दीड वर्षाची होती आणि नुकती दुडूदुडू चालायला लागली होती, एवढं पक्कं. मंगळवार, बुधवार, गुरुवार हे फटफटी काढून आंदर मावळातल्या गावांना जात. कान्ह्यापर्यंत मुंबई-पुण्याचा मोठा रस्ता, पुढं बैलगाडीची वाट, आणि तीही संपली की फटफटी कुणाच्या तरी गोठ्यात लावून पायी. बाकीचे दिवस दवाखाना. रविवारी सुट्टी, म्हणजे रविवारी रोगी मागच्या दाराने यायचे.

चौथ्या दिवशी दुपारी मी चहा घेऊन दवाखान्यात गेले, तर हे खुर्चीत डोळे मिटून बसलेले. डाव्या हातात कापसाची वात, आणि ती उजव्या हाताच्या बोटांवरून हळूहळू फिरवताहेत. मी म्हटलं, "हे काय चाललंय?"

हे इतके दचकले की वात खाली पडली. मग म्हणाले, "दार लावून घे."

दिवाळीपासून बोटांना मुंग्या येत होत्या. आता कापूस लावलेला कळत नव्हता. आंदर मावळात गावाबाहेर खोपट घालून राहिलेले तीन महारोगी यांच्याकडे होते. त्यांना कडू कवठाच्या तेलाची इंजेक्शनं द्यायला हे दर आठवड्याला जात. गावातलं दुसरं कुणी त्यांच्या सावलीलाही उभं राहत नसे. हे त्यांचे हात हातात घेऊन बघत. आता यांना वाटत होतं की आपल्यालाही तेच झालं.

"चैत्रात पुण्याला जाऊन मोठ्या डॉक्टरांना दाखवणार आहे," हे म्हणाले. "तेच निघालं तर दवाखाना बंद करायचा. आणि मी या घरात राहणार नाही. पोरीला माझा हात लागता कामा नये."

"चैत्राला तीन महिने आहेत. उद्याच का नाही जात?"

"उद्या गेलो तर उद्याच कळेल," हे म्हणाले.

मी चहाचा कप तिथंच ठेवला आणि आत येऊन चुलीपुढं बसून राहिले. रडले. खोटं कशाला सांगू, चांगली तासभर रडले. यांच्याशिवाय मी कशी जगू हे तर होतंच, पण त्या बोटांची मला जास्त दया आली. माणूस बोटांवर जगत होता. नाडी बघायची, गळू चाचपायचं, बाळंतिणीचं पोट बघायचं, सगळं बोटांनी.

रडून झालं की माझं डोकं बरं चालतं. लहानपणी माहेरी बाजाची पेटी आतून कशी वाजते ते बघायला मी ती उघडली होती, आणि त्यापायी वडिलांचा मार खाल्ला होता. मार विसरले, खोड गेली नाही. मला वैद्यकीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण यांचे सदरे मी धूत होते. आणि सदऱ्यांची एक गंमत माझ्या लक्षात आली होती, फक्त तिचा अर्थ लागत नव्हता. सोमवारी काढलेल्या सदऱ्याची बटणं उघडलेली असायची. गुरुवारचा सदरा मात्र बटणं लावलेलीच, डोक्यावरून ओढून काढलेला. एकदा त्यात काज टरकलं होतं आणि मी यांना धांदरट म्हटलं होतं.

सोमवारी सकाळी मी वात घेऊन यांच्यापुढं बसले. "डोळे मिटा."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"मला दहापर्यंत मोजता येतं. मिटा डोळे."

दहा वेळा वात लावली. सात वेळा हे "हो" म्हणाले. गुरुवारी संध्याकाळी हे परत आले, हातपाय धुतले, तशी मी पुन्हा पुढ्यात. दहातले दोन. पुढच्या सोमवारी पुन्हा सात, गुरुवारी पुन्हा दोन.

"का हो," मी म्हटलं, "महारोग काय वार बघून येतो?"

यांनी मला इंग्रजी पुस्तकातलं काहीतरी सांगितलं, की असं कमीजास्त होतं, त्यावर भरवसा ठेवायचा नाही, उगाच आशा लावून घेऊ नये. मी चिडले. माझी आशा ही माझी होती, यांच्या खिशातून थोडीच घेतली होती! मी विचारलं, "मंगळवारपासून गुरुवारपर्यंत तुम्ही काय करता, जे सोमवारी करत नाही?"

"रोगी बघतो."

"ते तर रोजच बघता. आणखी?"

"फटफटी चालवतो."

"ती पूर्वीसारखीच चालते?"

"हँडल झिणझिणतं हल्ली. जुनी झाली आता."

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आसपास."

दुसरा कुणी असता तर उडालाच असता जागेवरून. हे नाही. दुसऱ्याच्या डोळ्यांतली पिवळट झाक अंगणातून ओळखणारा हा माणूस स्वतःच्या बाबतीत ठार आंधळा झाला होता. म्हणाले, फटफट्या सगळ्याच थरथरतात, त्यानं कुणाची बोटं बधिर झाली असती तर विलायतेत कुणाला बोटं उरली नसती. मी म्हटलं, बरं, तुमचं विलायत राहू दे, मला आपली ही एक बघू दे.

वलवणचे एक फिटरभाऊ यांचे जुने रोगी. रेल्वेच्या शेडमध्ये इंजिनांवर काम करायचे आणि पावसाळ्यात रजा टाकून भात लावायचे. वयानं पन्नाशीचे, तोंडात कायम पान, कान मात्र तिखट. रेल्वेतला एक साहेब विलायतेला परत जाताना ही फटफटी विकत होता, तेव्हा ती यांनी घ्यावी असं भाऊंनीच सांगितलं होतं. त्यांना मी निरोप धाडला. यांच्या बोटांचं काही कळवलं नाही, नुसतं फटफटी झिणझिणते म्हटलं. ती गोष्ट घराबाहेर गेली असती तर दवाखान्याच्या पायरीवर कुत्रंही चढलं नसतं.

शुक्रवारी सकाळी भाऊ आले. फटफटी अंगणात घेतली, लाथ मारून सुरू केली. मी पदर खोचून शेजारी उभी. भाऊंनी तळहात टाकीवर ठेवला, मग हँडलवर, मग बसायच्या जागेखालच्या नळीवर. घोड्याला हात लावून बघतात तसं. म्हणाले, "वैनी, हिला काय बी झाल्यालं न्हाई. ठोका हाय, पर तो हिचा सोभावच हाय. झिणझिण कुटं?"

"यांना येते."

"मंग बोलटं सैल असत्याल." त्यांनी इंजिन सांगाड्याला धरून ठेवणारे सगळे बोल्ट आवळले. त्यातला एक खरंच अर्धा आटा सैल निघाला. मला काय आनंद झाला! मंगळवारी हे गेले. गुरुवारी आले. दहातले दोन.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी दूध तापवताना एक गोष्ट झाली. पातेल्यावर मी एक ताटली ठेवली होती, सहज फिरत होती. दूध तापलं आणि ताटली पातेल्याच्या काठात अशी बसली की सांडशीनंही निघेना. गार झाल्यावर आपोआप सुटली. मी ती ताटली हातात धरून तशीच उभी राहिले. अंगणात फटफटी गरीब गाय आणि रस्त्यावर द्वाड, ती कशानं? रस्त्यावर असं काय होतं जे अंगणात होत नाही? तापते! भाऊंनी ती थंड असतानाच बघितली होती, इनमिन पाच मिनिटं.

मी ताटली घेऊनच दवाखान्यात गेले. दोन रोगी बसले होते, त्यांच्यादेखत म्हटलं, "अहो, मला फटफटीवर बसून भुशीकडं जायचंय." रोग्यांनी एकमेकांकडं बघितलं. हे लाजेनं लाल. फटफटीच्या मागं नऊवारी नेसलेली बाई लोणावळ्याच्या बाजारानं तोवर पाहिली नव्हती. पाहिली त्या रविवारी, आणि मग महिनाभर पाहिल्याचं सांगत होता. बायकांनी मला तोंडावर विचारलं, "हवा खायला गेला होतात वाटतं!" मी म्हटलं, "हो, तुम्हीही खा की, फुकट आहे."

निघायच्या आधी भाऊंना बोलावून घेतलं होतं. माझं तापण्याचं म्हणणं ऐकून त्यांनी पानाची पिंक टाकली आणि डोक्याला हात लावला. "आयला, व्हय की! शेडमंदी इंजन गरम असल्याबिगर आमी हात लावत न्हाई, आन् हितं म्या येड्यावानी थंडंच बगितलं." मग त्यांनी कनवटीची चुन्याची डबी काढली. जिथं जिथं धुराडं, म्हणजे इंजिनातला धूर मागं नेणारा तो जाड पाइप, सांगाड्याच्या जवळून जात होतं, तिथं तिथं सांगाड्यावर बोटानं चुना लावला. सहा-सात जागा. "कुटं लागत आसंल तर चुना फुसला जाईल. तुमी फकस्त हिला तापवून आना."

मी एका बाजूला दोन्ही पाय घेऊन मागं बसले. एका हातानं यांचा कोट धरला. दुसरा हात बसायच्या जागेखालच्या नळीवर, आणि माझ्या काचेच्या बांगड्या त्या नळीला टेकवलेल्या. बाजार संपेपर्यंत नुसता ठोका. बांगड्या गप्प. रेल्वेचं फाटक ओलांडलं, गप्प. भुशीच्या चढाला लागलो आणि अर्ध्या चढावर, अगंबाई, बांगड्या किणकिणायला लागल्या! आधी बारीक, मग इतक्या की दातांत शिरशिरी आली. मी यांच्या पाठीवर थाप मारून ओरडले, "ऐका! ऐका हो, आली!" हे म्हणाले, "ही तर रोजचीच." रोजची! हा माणूस आठवड्यातले तीन दिवस हे हातांत धरून जात होता आणि दोष दुसऱ्या कशालातरी देत होता. मला त्यांचा राग आला आणि पाठ थोपटावीशीही वाटली.

परत आलो तशी भाऊ अंगणातच बसले होते. आम्ही तिघं फटफटीपुढं उकिडवे बसलो. चुना सगळीकडं होता तसा, वाळून पांढरा. एका जागी मात्र, उजव्या बाजूला खालच्या नळीवर, अंगठ्याच्या नखाएवढा चुना साफ पुसलेला, कडेनं करपून पिवळा पडलेला. भाऊंनी बोट ठेवलं आणि पटकन काढलं, पाइप अजून तापलेला होता. "हितं. हितं दाबून बसतंय. दर ठोक्याला पाइप सांगाड्याला कुटतोय, आन् तेच हँडलात जातंय." त्यांनी एक कार्ड मागितलं. मी माहेरचं पत्र दिलं. तेव्हा ते त्या फटीत शिरेना. तासाभरानं फटफटी गार झाली, तेव्हा तेच कार्ड सुळकन आरपार गेलं. मी ते चार वेळा घालून काढलं. मला त्या फटीचं इतकं नवल वाटत होतं की भाऊ हसायला लागले.

"आता ह्यो पाइप आत कशापायी सरकला?" भाऊ म्हणाले. इंजिनातून पाइप आधी बाजूला बाहेर निघून मग खाली वळायचा. त्या तोंडाशी त्यांनी बोट फिरवलं, ते काजळीनं काळं झालं. "धूर फुटतोय हितं." पाना लावून तोंड मोकळं केलं, आत डोकावले, आणि माझ्याकडं वळले. "वैनी, हितली तांब्याची कडी कुटं गेली?"

"कसली कडी?"

"बांगडीयेवढी आसती. पाइप आन् इंजन यांच्या मदी बसती. ती न्हाई म्हनून पाइप एक सूत आत गेलाय. कुनी खोलला हुता का ह्यो?"

मी खोलायला लावला होता. खंडेनवमीला. सगळे लोक शस्त्रं, अवजारं पुजतात, आम्ही यांच्या कात्र्या-चिमटे आणि फटफटी पुजायचो. त्या वर्षी मला वाटलं, एवढा निकेलचा पाइप धुरानं काळा ठिक्कर पडलाय, तो काय तसाच देवापुढं ठेवायचा? यांना पाइप काढून द्यायला लावला आणि चिंच-राखेनं घासून आरशासारखा केला. त्याच चिंचेनं त्याच दिवशी देवाची उपकरणीही घासायला घेतली होती. यांनी दुसऱ्या दिवशी पाइप परत बसवला.

मी तडक आत गेले. देवघरात आमचा शंख होता. त्याची अडणी फार वर्षांपूर्वी हरवली होती आणि शंख कायम कलंडायचा. त्या दसऱ्यापासून तो कसा अगदी बेताच्या तांब्याच्या कडीवर ऐटीत बसला होता. उपकरण्यांच्या ढिगात ती सापडली तेव्हा मला वाटलं होतं, हरवलेली अडणीच मिळाली! तेव्हापासून रोज सकाळी मी तिला गंध-फूल वाहत होते.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शंख उचलून वाटीत ठेवला, देवाची माफी मागितली आणि ती कडी घेऊन बाहेर आले. तिच्यावर त्या दिवशीचं गंध तसंच होतं. हे कडीकडं बघत राहिले, मग माझ्याकडं, आणि एकदम हसत सुटले. "अगं, तू फटफटीच देवाला वाहिलीस की!" पौषापासून हे हसले नव्हते. मी मात्र भाऊंच्या समोरच हुंदके द्यायला लागले. त्यांना बिचाऱ्यांना वाटलं, वैनी कडीसाठी रडताहेत. "आवं, मोडल्याली न्हाई, चांगली हाय," ते मला समजावत होते.

भाऊंनी ती कडी माझ्या चुलीत लाल केली आणि पाण्यात टाकली. तांबं असं केलं की मऊ पडतं म्हणे, मग तोंडाशी घट्ट बसतं. मला हे माहीत नव्हतं; लोखंडाचं याच्या उलट होतं ना? मी विचारलंही. भाऊ म्हणाले, "तांब्याचं आसंच. का म्हनून इचारू नका, मला बी ठावं न्हाई." कडी बसली. पाइप बाहेर सरकला आणि सांगाड्यात आणि त्याच्यात जाड सुतळी जाईल एवढी फट पडली. आम्ही पुन्हा भुशीपर्यंत गेलो, पार धरणाशी. बांगड्या नुसत्या ठोक्याला हलल्या. किणकिणल्या नाहीत.

पण फटफटी बरी झाली म्हणजे बोटं बरी झाली असं कुठं होतं? मी पाप केलं होतं ते खरं, पण तेवढंच पाप होतं की आणखी काही होतं, हे कळायला गुरुवार उजाडायचा होता. हे गेले, आले. दहातले चार. पुढच्या गुरुवारी सात. त्याच्या पुढच्या गुरुवारी मी नऊ वेळा वात लावली, आणि दहाव्या वेळी मुद्दाम लावलीच नाही, नुसतं "आता?" म्हटलं.

"आता नाही लावलीस," हे डोळे मिटूनच म्हणाले.

मी वात फेकून दिली आणि म्हटलं, झालं, आता आजपासून एका पंगतीला जेवायचं. हे ऐकेनात. पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांनी तोंडानं सांगितल्याशिवाय ना ताट, ना अंथरूण, ना मुलगी. मी भांडले, अबोला धरला, पळ्या आपटल्या. हे आपले एकच वाक्य धरून बसले, "पोरीच्या बाबतीत मी शंभरातला एकही धोका घेणार नाही." शेवटी मीच थकले. त्यांचं चूक होतं असं मला आजही म्हणवत नाही.

चैत्रात हे पुण्याला गेले आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं परत आले. मी अंगणात वाळवणाच्या मिरच्या उलट्यापालट्या करत होते, मुलगी शेजारी खेळत होती. यांनी फाटकातूनच मान हलवली. काही नाही, काही नव्हतं. मी मिरच्यांच्या हातांनीच डोळ्यांना हात लावला आणि मग ते चुरचुरणं आणि रडणं यातलं कुठलं काय ते मलाच कळेना. यांनी पिशवी पायरीवर ठेवली, आत जाऊन साबणानं हात धुतले, कितीतरी वेळ धुतले. मग बाहेर येऊन मुलीसमोर गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हात पुढं केले. "ये."

पोर यांच्याकडं बघत राहिली. मग तिनं आपले दोन्ही हात पाठीमागं नेले, एकमेकांत घट्ट धरले आणि दोन पावलं मागं सरकली. तीन महिने हे तिला रोज तेच शिकवत होते, लांब राहा, हात मागं घे. ती शहाण्यासारखी शिकली होती. आताही आपण बरोबर केलं, आता बाबा शाबास म्हणतील, अशी ती यांच्याकडं बघून हसली.